गोराचं घर कुठलं?

कादंबरीचा नायक पोरका असणं ही काही नवी गोष्ट नाही. लेखक पोरक्या मुलाला रस्त्यावर सोडतो, त्याला टक्केटोणपे खायला लावतो आणि शेवटी त्याचे आईबाप, ते नाही तर निदान एखादा पैसेवाला मामा, शोधून देतो. वाचक डोळे पुसून पुस्तक मिटतो. रवींद्रनाथ टागोरांच्या 'गोरा' या कादंबरीत हा सगळा प्रवास उलटा आहे. इथला तरुण भरल्या घरात वाढतो. त्याला आई आहे, वडील आहेत, थोरला भाऊ आहे, जिवाला जीव देणारा मित्र आहे. आपली जात, आपलं गोत्र, आपला देव, आपला देश कुठला, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. आणि शेवटी शेवटी एका संध्याकाळी त्याला कळतं, की यातलं काहीच जन्मानं आपलं नव्हतं.

ही कादंबरी 'प्रवासी' या बंगाली मासिकात १९०७ पासून क्रमशः येत होती. १९१० मध्ये ती पुस्तकरूपानं निघाली. तो काळ लक्षात घ्यायला हवा. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली होती. स्वदेशीची चळवळ पेटली होती. रवींद्रनाथ स्वतः रस्त्यावर उतरले होते, त्यांनी राख्या बांधल्या होत्या, गाणी लिहिली होती. पण थोड्याच दिवसांत ते त्या चळवळीतून बाजूला झाले. पूर्व बंगालमधला मुसलमान शेतकरी या चळवळीपासून दूर राहिला होता, १९०७ मध्ये जमालपूरला दंगल झाली होती, आणि पुढाऱ्यांचं म्हणणं होतं, की हे सारं इंग्रजांचं कारस्थान. रवींद्रनाथांना तेवढ्यानं समाधान होईना. शनी शिरतो तो भोक असल्याशिवाय शिरत नाही, अशा अर्थाचं ते तेव्हा लिहीत होते.

त्यांनी पुढं एका लेखात जाजमाची गोष्ट सांगितली आहे. जमीनदारीचं काम बघायला ते पहिल्यांदा कचेरीत गेले, तेव्हा बैठकीवरच्या जाजमाचा एक भाग दुमडून वर उचललेला दिसला. हे काय, म्हणून विचारलं. तर उत्तर मिळालं, की मुसलमान कुळं येतात ना, त्यांची बसायची जागा ती. हिंदूंना जाजम, मुसलमानांना उघडी जमीन. ही व्यवस्था कुणी रागानं केलेली नव्हती. ती होतीच. उन्हाळ्यात ऊन असावं तशी.

आता गोरा. पूर्ण नाव गौरमोहन. कथा घडते ती साधारण १८८० च्या सुमाराच्या कलकत्त्यात. विशी ओलांडलेला हा तरुण उंच, धिप्पाड आणि इतका गोरापान, की कॉलेजातले पंडित त्याला रजतगिरी म्हणत. आवाज असा, की बाजूच्या खोलीतला माणूस दचकावा. एका इंग्रज मिशनऱ्यानं वर्तमानपत्रातून हिंदू धर्मावर टीका केली, गोरा उत्तर द्यायला उभा राहिला, आणि उत्तर देता देता स्वतःच कडवा होऊन बसला. पूर्वी ब्रह्मो समाजाच्या व्याख्यानांना जाणारा हा मुलगा आता शेंडी राखतो, गंगास्नान करतो, सोवळं पाळतो. जे आपलं आहे ते चांगलं की वाईट हे नंतर बघू, आधी ते पूर्ण आपलं म्हणू, असा त्याचा बाणा. परक्यानं नाव ठेवल्यावर माणूस आपल्या घरातल्या गळक्या छपराचीही बाजू घेतो, ती आपण सगळ्यांनीच कधी ना कधी घेतलेली असते.

वाचकाला एक गोष्ट फार लवकर कळते, जी गोराला माहीत नाही. १८५७ च्या धामधुमीत इटावा इथं एक आयरिश बाई रात्रीच्या वेळी कृष्णदयालबाबूंच्या घरात आसऱ्याला आली. तिचा नवरा त्या गदरात मारला गेलेला. तिनं मुलाला जन्म दिला आणि ती गेली. कृष्णदयाल म्हणत होते, मूल पाद्र्याच्या हवाली करू. त्यांच्या पत्नीनं, आनंदमयीनं ऐकलं नाही. तिला मूलबाळ नव्हतं. काशीच्या एका मोठ्या पंडिताच्या घरातली ही नात. पण ज्या दिवशी तिनं हे पोर मांडीवर घेतलं, त्या दिवशी तिनं जातीचे सारे आचार सोडून दिले. कारण उघड आहे. ते पाळायचे तर आधी मांडीवरचं मूल खाली ठेवावं लागलं असतं.

यातली गंमत म्हणा, क्रौर्य म्हणा, पुढं आहे. मोठा झालेला गोरा याच आईच्या खोलीत जेवत नाही! का, तर तिच्याकडे लछमिया नावाची ख्रिस्ती मोलकरीण आहे. याच लछमियानं गोराला देवी आल्या तेव्हा उशाशी बसून वाचवलं होतं. आनंदमयी ते विसरायला तयार नाही, गोरा आचार सोडायला तयार नाही. आपला मित्र विनय तिथं जेवतो, तर गोरा त्यालाही अडवतो. वडील कृष्णदयालही आता म्हातारपणी कडक सोवळ्यात राहू लागलेले. ते गोराला आपल्या पूजेच्या जागेत पाऊल टाकू देत नाहीत. गोराला वाटतं, वडिलांचा काही तरी हेका असेल. वाचकाला खरं कारण माहीत असतं आणि त्याच्या पोटात कालवतं. ज्या सोवळ्याच्या रक्षणासाठी हा मुलगा आईचं ताट नाकारतो, त्याच सोवळ्याच्या हिशेबात तो स्वतःच घरातला सर्वांत मोठा विटाळ आहे.

किपलिंगची 'किम' ही कादंबरी १९०१ मध्ये, म्हणजे 'गोरा'च्या सहाच वर्षं आधी आली. तिचाही नायक आयरिश शिपायाचा पोरका मुलगा, लाहोरच्या बाजारात वाढलेला. पण त्याच्या गळ्यातल्या ताइतात बापाचे कागद असतात. ते कागद सापडतात आणि त्याला साहेबाच्या शाळेचा, पुढं सरकारच्या हेरखात्याचा दरवाजा उघडतो. बापाच्या रक्तानं किमला जागा मिळाली. गोराची जागा त्याच रक्तानं गेली. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत, एवढंच सांगून पुढं जातो.

गोरा बदलू लागतो तो पुस्तकं वाचून किंवा वादात हरून बदलत नाही. वादात त्याला कुणी हरवूच शकत नाही. तो बदलू लागतो पायी चालल्यानं. देश देश म्हणतो तो आहे तरी कसा, हे बघायला तो मित्रांबरोबर खेड्यांतून हिंडायला निघतो. एकेक मित्र गळतो. शेवटी रमापती नावाचा एकच सोबती उरतो आणि दोघं चर घोषपूर नावाच्या गावात पोचतात. चर म्हणजे नदीनं गाळ टाकून तयार केलेली जमीन. गाव मुसलमानांचं, निळीच्या मळेवाल्यांशी झगडणारं. त्यांचा म्होरक्या फरू सरदार. त्यानं लाठीचा असा तडाखा दिलेला, की निळीच्या कोठीवरच्या साहेबाचा उजवा हात कापावा लागला. त्यानंतर पोलिसांनी गाव धुऊन काढलं. फरू तुरुंगात, बायको उपाशी. त्या गावात हिंदूचं घर एकच, न्हाव्याचं. त्या नवराबायकोनं फरूच्या पोराला, तमीजला, आपल्या घरी आणून ठेवलं आहे. तो पोरगा न्हाव्याच्या बायकोला गावच्या नात्यानं मावशी म्हणतो.

गोरा त्या न्हाव्याला खडसावतो, की हे काय चालवलं आहेस. न्हावी वाद घालत नाही. आम्ही हरी म्हणतो, ते अल्ला म्हणतात, फरक काही नाही, एवढं सांगून तो मोकळा होतो.

तहान लागलेली आहे. रमापतीला त्या घरचं पाणी चालणार नाही. उच्च जातीचं घर कोस-दीड कोसावर, तेही निळीच्या कोठीच्या तहसीलदाराचं, माधव चटर्जीचं. दोघं उन्हातून तिकडे निघतात. गावाला छळणाऱ्यांपैकीच हा एक आहे आणि दरोगा त्याचा पाहुणा आहे, हे गोराला न्हाव्याकडून कळलेलं असतं. गोराच्या मनात वाटेत जो प्रश्न उभा राहतो, तो मी माझ्या शब्दांत सांगतो. मुसलमानाच्या गळ्यावर पाय ठेवणाऱ्या या ब्राह्मणाच्या घरी माझी जात शाबूत राहणार, आणि मुसलमानाचं लेकरू जगवणाऱ्या न्हाव्याकडे ती जाणार? रमापती पुढं जातो. गोरा एकटा भर उन्हात परत फिरतो आणि न्हाव्याच्या दारात येतो.

इथं रवींद्रनाथांच्या हाताला दाद द्यावीशी वाटते. दुसरा कुणी लेखक असता तर गोरानं न्हाव्याला मिठी मारली असती. इथला गोरा काय करतो? लोटा मागून घेतो, तो स्वतःच्या हातानं घासघासून स्वच्छ करतो, विहिरीचं पाणी स्वतः काढून पितो, आणि घरात डाळतांदूळ असले तर द्या, मी माझं शिजवून खाईन, असं म्हणतो. मन परत फिरलं आहे, पण हात अजून लोटा घासतो आहे.

हा लोटा मला ओळखीचा आहे. आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं. घरात आम्ही दखनी बोलायचो, उंबरा ओलांडला की मराठी. शेजारच्या घरात एक आजी होत्या. माझी अम्मी आजारी पडली, की आमची तिन्ही भावंडं त्यांच्या चुलीपुढं. "आलास व्हय रं लेकरा, बस," म्हणून भाकरी हातावर ठेवायच्या, वर तुपाचं बोट फिरवायच्या. ताप आला तर मीठमोहऱ्या ओवाळून टाकायच्या. आणि चहा मात्र आम्हाला कायम एका कान तुटलेल्या कपातून. तो कप भिंतीतल्या देवळीत वेगळा ठेवलेला असायचा. आम्ही तो पिऊन, विसळून, पुन्हा देवळीत ठेवायचो. आजींचं प्रेम खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही आणि तो कप नव्हता असंही म्हणणार नाही. आमच्याकडचे काही वडीलधारेही बाहेरच्या घरी पाणीसुद्धा घेताना शंभर शंका काढायचे. तेव्हा हा कप एकाच घरात होता असं समजू नका.

मी 'गोरा' पहिल्यांदा वाचली ती बी. ए.ला असताना, नगरवाचनालयातली पहिली पानं गेलेली प्रत. तेव्हा मला भावला तो शेवट. विसाव्या वर्षी कुणालाही तोच भावेल.

शेवट असा. तुरुंगात एक महिना काढून आलेला गोरा प्रायश्चित्ताची तयारी करतो. गंगेकाठच्या बागेत पंडित जमलेले असतात. तेवढ्यात निरोप येतो, वडिलांना रक्ताची उलटी झाली. घरी गेल्यावर मरणाच्या भीतीनं कृष्णदयाल सांगून टाकतात, की तू माझं श्राद्ध करायचं नाहीस, तो अधिकार तुला नाही. मग सारी हकीकत. एका क्षणात गोराच्या पायाखालचं सगळं जातं. मागं काही नाही, पुढं काही नाही. इतक्यात वडिलांना तपासायला इंग्रज डॉक्टर येतो. इंग्रज दिसला की आजवर गोराच्या मनात तिरस्कार उठायचा. आज कपाळावर गंध तसंच असलेला गोरा त्या डॉक्टरकडे टक लावून बघतो आणि मनात विचारतो, की या खोलीत माझा सगळ्यात जवळचा नातेवाईक हाच का? माझ्या मते साऱ्या कादंबरीतली ही सर्वांत धारदार जागा आहे. रक्तालाच नातं मानायचं ठरवलं, तर उत्तर 'होय' असं येतं. आणि ते उत्तर किती हास्यास्पद आहे हे गोराला, वाचकाला, सगळ्यांना दिसतं.

त्यानंतर तो ब्रह्मो समाजाच्या परेशबाबूंकडे जातो. आता मला कुठल्याच देवळाची दारं उघडी नाहीत, म्हणून मी साऱ्या भारताचा झालो, असा त्याच्या बोलण्याचा आशय. परेशबाबूंकडे वाढलेली सुचरिता त्याच्या बाजूला उभी राहते. मग तो घरी येतो, आनंदमयीच्या पायांशी बसतो आणि तिला म्हणतो, की ज्या आईला मी बाहेर शोधत होतो ती माझ्याच घरात बसली होती. आणि लछमियाला हाक मारून पाणी आणायला सांगतो.

या शेवटाला एक मागची गोष्ट आहे. मार्गारेट नोबल, म्हणजे भगिनी निवेदिता, जन्मानं आयरिश. १८९८ मध्ये भारतात आल्या, कलकत्त्यात मुलींची शाळा चालवली, १९११ मध्ये इथंच वारल्या. त्या एकदा शिलाईदहला रवींद्रनाथांकडे पाहुण्या होत्या. त्यांनी गोष्ट सांगायचा आग्रह धरला. रवींद्रनाथांनी सांगितलेली गोष्ट जवळपास 'गोरा'चीच होती, फक्त तिच्यात सुचरिता गोराला परदेशी म्हणून नाकारते. निवेदिता भयंकर रागावल्या. पुढं एका पत्रात रवींद्रनाथांनी हे सारं लिहिलं आहे, आणि मुद्दा त्यांच्या मनात खोल उतरावा म्हणून आपण तसं सांगितलं होतं, असंही म्हटलं आहे. निवेदितांचा राग मला समजतो. ती गोष्ट त्यांच्यापुरती कादंबरी नव्हतीच. ज्या देशाला तुम्ही आयुष्य दिलं तो तुम्हाला शेवटी आडनावावरून ओळखणार का, हा प्रश्न त्यांच्या समोर बसून कुणी तरी विचारत होतं.

आता पन्नाशी ओलांडल्यावर वाचतो तेव्हा शेवट मला जरा जास्तच उजळलेला वाटतो. आनंदमयीला एकदम भारताची मूर्ती करून टाकलं, की ती थोडी लहानच होते. ती बाई मोठी आहे ते एका अनाथ पोराला पाद्र्याकडे दिलं नाही म्हणून. विनय-ललिताच्या लग्नाला गोरा जात नाही, तेव्हा त्याला न जुमानता ती जाते म्हणून. शिवाय गोराला जातीबाहेर पडायला जन्माचं गुपित उपयोगी पडलं. ज्याच्या जन्मात काही गुपितच नाही, त्यानं काय करायचं? तमीजचा बाप कोण, आजा कोण, हे चर घोषपूरच्या कुत्र्यामांजरांनाही माहीत. त्या पोराचं पुढं काय झालं, हे कादंबरी सांगत नाही.

मराठीत एक सोय आहे, जी बंगालीत नाही आणि हिंदीतही नाही. आपल्याकडे 'आम्ही' आहे आणि 'आपण' आहे. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. बंगालीत दोन्हींना 'आमरा'. गोरा पानोपानी हा शब्द वापरतो. आमरा असे आहोत, आमरा तसे होतो. मराठीत आणणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी ठरवावं लागणार, की हा 'आम्ही' आहे की 'आपण'. सुरुवातीला परेशबाबूंच्या घरात हारानबाबूंवर तुटून पडणारा गोरा 'आम्ही'च म्हणणार, शंका नको. शेवटी 'आपण'. मधली साडेचारशे-पाचशे पानं म्हणजे या एका सर्वनामाचा प्रवास आहे, असं मला कवी म्हणून वाटतं. व्याकरणाच्या शिक्षकांनी मला क्षमा करावी.

डिसेंबर १९९२ नंतरच्या त्या हिवाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मित्रानं मला विचारलं, "तुमच्या लोकांचं आता म्हणणं काय?" प्रश्नात राग नव्हता, काळजीच होती. पण तोवर तो माझ्याशी 'आपण' म्हणून बोलत असे. आपण सिनेमाला जाऊ, आपण नोट्स काढू. त्या दिवशी पहिल्यांदा 'तुमचे' आले. पुढं नोकरीच्या गावी घर भाड्यानं बघताना, माझी मराठी ऐकून खूश झालेले घरमालक आडनाव ऐकल्यावर, "घर कालच गेलं हो," म्हणायचे. कवितावाचनानंतर अजूनही कुणी तरी जवळ येऊन कौतुकानं विचारतं, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" मी हसतो. दुसरं काय करणार?

म्हणून आज मला गोराच्या घरापेक्षा न्हाव्याचं घर जास्त काही सांगतं. त्या दोघांना कुठलाही साक्षात्कार झालेला नाही. हिंदुस्थान म्हणजे काय, हे कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. शेजारचा माणूस तुरुंगात गेला, त्याचं पोर उघड्यावर आलं, ते घरात आणलं. पोर मावशी म्हणतं, म्हणून ती मावशी.

कादंबरी जाड आहे. हिंदू आणि ब्रह्मो यांचे वाद लांबत जातात, आजच्या वाचकाला त्यातले निम्मे कंटाळवाणे होतील. हरिमोहिनीची कटकटही पुरे वाटते. ती पानं भरभर उलटलीत तरी हरकत नाही. पण कादंबरीचा पहिला तिसरा हिस्सा संपत येतो, तिथं रमापतीला तहान लागते. तिथून गोरा उन्हात एकटा परत फिरतो तिथपर्यंतची पानं सावकाश वाचा, जमलं तर घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा.